शंखाचें वळण कोठें ठरतें?

देवघरांतील शंख आपण नित्य हाताळतों. पण त्याचें वेटोळें कोणत्या बाजूस वळलें आहे हें क्वचितच कोणी न्याहाळून पाहतो. आपल्याकडील रीतीप्रमाणें निमुळतें, पन्हळीसारखें टोक वर व मुख आपल्याकडे करून शंख धरला, तर नेहमींच्या शंखाचें मुख डाव्या हाताकडे येतें. त्यास वामावर्ती म्हणतात. ज्याचें मुख उजवीकडे येतें तो दक्षिणावर्ती. हा अत्यंत दुर्मिळ, म्हणून लक्ष्मीकारक मानलेला आणि तितकाच महाग. प्राणिशास्त्रज्ञ मात्र शेंडा वर करून शंख धरतात. त्यामुळें आपला दक्षिणावर्ती त्यांच्या ग्रंथांत ‘डावा’ ठरतो. पुढील विवेचनांत त्यांचीच रीत पाळूं.

येथें एक गोष्ट ओघानें सांगणें अवश्य आहे. दक्षिणावर्ती म्हणून बाजारांत जे शंख विकले जातात, त्यांत अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील एका निराळ्याच जातीचेही असतात. त्या जातींतील जवळजवळ प्रत्येक प्राणी डावाच उपजतो. तेथें दुर्मिळतेचें नांव नको. खऱ्या शंखाच्या मुखांत मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या असतात, त्या यांत नसतात. पैसे मोजण्यापूर्वीं एवढें तरी पाहावें.

परंतु शंख उजवा व्हावयाचा कीं डावा, याचा निर्णय होतो केव्हां? आश्चर्य असें, कीं कवचाचा मागमूसही नसतो आणि अंड्याच्या अवघ्या आठ पेशी झालेल्या असतात, तेव्हांच तो होऊन चुकलेला असतो.

भारतीय शंखाचा प्राणी मन्नारच्या आखातांत सांपडतो. त्याची मादी शिंगासारखा, वळ्यावळ्यांचा, आंत कप्पे असलेला अंडकोश वाळूंत रोवते, आणि पिलें बाहेर पडतात तीं इवलाले शंख पाठीवर घेऊनच. गर्भाचा आरंभ पाहण्यास याहून सोयीचा प्राणी म्हणजे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावरील क्रेपिड्यूला ही समुद्री गोगलगाय. चपलेच्या आकाराच्या कवचाचीं हीं जनावरें एकमेकांच्या पाठीवर चढून उतरंडीसारखीं राहतात, आणि मादी अंडीं आपल्याच कवचाखालीं सांभाळते. एडविन ग्रँट कॉंक्लिन या तरुण प्राणिशास्त्रज्ञानें १८९० सालीं वुड्स होल येथें या अंड्यांतील एकेका पेशीची वंशावळ लिहावयास घेतली. तें काम १८९७ त प्रसिद्ध झालें. आपल्याकडे कुलवृत्तांत जुळविणाऱ्यांस ही चिकाटी नवी वाटणार नाहीं. फरक इतकाच, कीं येथील मूळपुरुष एका मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाहूनही लहान होता!

अंड्याच्या प्रथम दोन पेशी होतात, दोहोंच्या चार. या चारी चौरंगाच्या पायांप्रमाणें एका पातळींत असतात. तिसऱ्या विभाजनांत प्रत्येक पेशी वरच्या अंगास एक धाकटी पेशी सोडते; ती मात्र आपल्या आईच्या बरोबर डोक्यावर न बसतां, आई व शेजारीण यांच्या मधल्या खांचेंत सरकते. वरून पाहिलें असतां, उजव्या जातींत चारही धाकट्या घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें सरकतात, डाव्या जातींत उलट. ही उलट चाल हेन्री क्रॅम्प्टन यांनीं १८९४ त गोड्या पाण्यांतील फायसा या डाव्या गोगलगाईंत दाखवून दिली.

यापुढें धाकट्या पेशींच्या चौकड्या एकीमागून एक निघतात, आणि प्रत्येकीचें काम जणू वाटून दिलेलें असतें. पहिलींतून डोकें व डोळे घडतात. दुसरींतील एका पेशीपासून मुख्यतः कवच निर्माण करणारी ग्रंथि होते. पेशींची संख्या पंचविशीच्या आसपास येते तेव्हां ‘ड’ या मोठ्या पेशीपासून चौथ्या चौकडीची एक पेशी इतर तिघींच्या आधींच जन्मास येते. तिचें नांव ‘४ड’. हृदय, मूत्रपिंड, स्नायू व आंतड्याचा कांहीं भाग हीं ऊतकें हिच्याच वंशांतलीं. ई. बी. विल्सन यांस नीरीस नामक समुद्री किड्याच्या गर्भांत हीच पेशी याच जागीं आढळली होती. कोट्यवधि वर्षांपूर्वीं विभक्त झालेल्या दोन घराण्यांत एकच रीत टिकून राहिलेली!

चिखलांत राहणाऱ्या इल्यानासा या समुद्री गोगलगाईंत तर पहिल्याच विभाजनाच्या वेळीं अंड्याच्या तळाशीं एक फुगवटा येतो, आणि घटकाभर अंडें बेलाच्या पानासारखें त्रिदल दिसतें. मग तो फुगवटा दोहोंपैकीं एकाच पेशींत विरून जातो. क्रॅम्प्टन यांनीं तो तोडून पाहिला व १८९६ त आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भ मरत नाहीं, पेशी वाढतही राहतात. पण त्यास नीट घडण येत नाहीं. डोळे, पाय, हृदय यांतील कांहींच अशा गर्भास लाभत नाहीं, हें ए. सी. क्लेमेंट यांनीं १९५२ त दाखविलें. १९६२ त त्यांनीं याहून नाजूक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘ड’ पेशी तिची तिसरी कन्या जन्मल्यावर काढली, तर डोळे, पाय व कवच येतात, हृदय व आंतडें येत नाहींत. चौथी जन्मल्यावर काढली, तर कांहींच उणें पडत नाहीं. आईचें देणें तोंवर फिटलेलें असतें.

मग वळणाची आज्ञा कोणाची? तळ्यांतील लिम्नीया गोगलगाईंत उजव्या व डाव्या दोन्ही आढळतात. त्यांच्या अनेक पिढ्यांचीं टिपणें इंग्लंडांत बॉयकॉट व डायव्हर यांनीं १९२३ त प्रसिद्ध केलीं, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील स्टर्टेव्हंट यांनीं त्यांचा अर्थ लावला. पिलाचें वळण त्याच्या स्वतःच्या जनुकांवर नव्हे, तर आईच्या जनुकांवर अवलंबून असतें. आई स्वतः कोणीकडे वळली आहे, यालाही महत्त्व नाहीं. म्हणून बापाकडून आलेला उजवेपणा मुलांत दिसत नाहीं, नातवंडांत प्रकट होतो. पुढें जपानांत रेइको कुरोडा व त्यांचे सहकारी यांनीं तिसऱ्या विभाजनाच्या वेळीं बारीक काचेच्या काड्यांनीं पेशी उलट दिशेस रेटल्या. तीं पिलें आंतबाहेर आरशांतल्यासारखीं उलटीं वाढलीं. हें २००९ सालचें.

त्याच वर्षीं ग्रांदे व पटेल यांनीं ‘नोडल’ या जनुकाचा शोध प्रसिद्ध केला. लॉटिया या कॅलिफोर्नियाच्या उजव्या समुद्री गोगलगाईंत तें गर्भाच्या उजव्या अंगास जागें होतें, गोड्या पाण्यांतील एका डाव्या जातींत डाव्या अंगास. त्या डाव्या जातींत रसायनानें त्याचें कार्य थांबविलें, तेव्हां कांहीं पिलांच्या कवचास वेटोळें पडलेंच नाहीं. तें सरळ नळीसारखें वाढलें. हेंच जनुक पृष्ठवंशी प्राण्यांच्या गर्भांत डाव्या बाजूस जागें होतें, आणि हृदय डावीकडे झुकावें यांत त्याचाही हात असतो.