दुखतं कुठे ते संपादकाने सांगावं : कादंबरीकार आणि त्याचा पहिला वाचक

मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच चिठ्ठ्यांचा रोख एकच होता. कादंबरी लिहून झाली आहे किंवा होत आली आहे. ती संपादकाला किंवा लेखन-मार्गदर्शकाला दाखवावी का? आणि दाखवली, तर ती आमची राहील का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही लगेच देऊन टाकतो : दाखवावी. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. तो प्रश्न भित्रेपणाचा नाही, रास्त आहे. आजचं सगळं बोलणं त्या दुसऱ्या प्रश्नावरच आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'पुस्तकाचं एडिटिंग करून घेतलं' असं कुणी म्हणालं, की बहुतेक वेळा त्याचा अर्थ ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतले एवढाच असतो. ते मुद्रितशोधन. ते गरजेचं आहे, आणि चांगले मुद्रितशोधक मिळणं भाग्याचं आहे. पण संपादन म्हणजे ते नव्हे. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेत मॅक्सवेल पर्किन्स नावाचे संपादक होते. फिट्झजेराल्ड, हेमिंग्वे, थॉमस वूल्फ हे त्यांचे लेखक. या थोर संपादकाचं मुद्रितशोधन मात्र कच्चं होतं. फिट्झजेराल्डची पहिली कादंबरी १९२० साली निघाली, तेव्हा तीत शुद्धलेखनाच्या इतक्या चुका राहिल्या की त्याची चर्चा झाली. तरीही आज संपादक म्हटलं की जगभर पहिलं नाव पर्किन्स यांचं घेतात. म्हणजे संपादकाचं मुख्य काम दुसरंच काहीतरी असलं पाहिजे. ते काय, हे त्यांच्याच तीन पुस्तकांवरून पाहू.

पहिलं उदाहरण 'द ग्रेट गॅट्सबी'चं. १९२४ च्या शरद ऋतूत फिट्झजेराल्डने फ्रान्समधून हस्तलिखित पाठवलं. पर्किन्स यांनी नोव्हेंबरमध्ये उत्तर लिहिलं. आधी मनापासून कौतुक केलं आणि मग तीन अडचणी मांडल्या. बाकीची माणसं रस्त्यात भेटली तरी ओळखू येतील इतकी स्पष्ट आहेत, पण खुद्द गॅट्सबी अंधूक आहे. त्याच्याकडे एवढा पैसा कुठून आला, याचा वाचकाला काही सुगावा लागत नाही. आणि त्याचा पूर्वेतिहास एकाच ठिकाणी, एकगठ्ठा सांगितला गेला आहे.

फिट्झजेराल्डने जे उत्तर पाठवलं, ते प्रत्येक लेखकाने लक्षात ठेवावं असं आहे. त्याने कबूल केलं की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय, हे त्याचं त्यालाच नीट ठाऊक नव्हतं. बघा, ही भाषेची चूक नव्हती. लेखकाला स्वतःलाच जे माहीत नव्हतं, ते वाचकाला धुकं बनून दिसत होतं. मग रोमच्या मुक्कामात त्याने प्रुफांवरच मोठं काम केलं. गॅट्सबीच्या भूतकाळाचा काही भाग पुढच्या प्रकरणातून उचलून अलीकडे आणला, संपत्तीबद्दलचे इशारे जागोजागी पेरले. एप्रिल १९२५ मध्ये पुस्तक निघालं. बदललेल्या पानांवरचा शब्द न् शब्द फिट्झजेराल्डचा होता. संपादकाने फक्त आपल्याला कुठे दिसेनासं झालं, ते सांगितलं.

लेखकाला हे आपलं आपण का दिसत नाही? कारण त्याच्या डोक्यात अख्खा वाडा उभा असतो. दिंडी, चौक, माजघर, माडीवरचा काळोख, सगळं. कागदावर उतरलेले असतात चार खांब आणि एक उंबरा. लेखक परत वाचतो तेव्हा तो कागद वाचतच नाही, डोक्यातला वाडा वाचतो. दहा वेळा वाचलं तरी तेच होतं, उलट दर वेळी वाडा आणखी भक्कम होत जातो. ज्याच्या डोक्यात वाडा नाही, असा माणूस लागतो. त्याला खांबच दिसतात, आणि छप्पर कुठे आहे हे तो विचारू शकतो.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं आहे, हे अनेकांना माहीत नसेल. 'पाडस' आपल्यापैकी कितीतरी जणांनी वाचलंय. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली मार्जरी किनन रॉलिंग्ज यांची कादंबरी. मूळ नाव 'द इअरलिंग'. रॉलिंग्जबाई १९२८ साली फ्लॉरिडातल्या क्रॉस क्रीक या आडगावी संत्र्याची बाग घेऊन राहायला गेल्या. त्यांचे संपादक हेच पर्किन्स. त्यांच्या पत्रांत तिथलं रान, नदी, शिकार, झुडपी जंगलात राहणारी गरीब माणसं असं सगळं असायचं. १९३३ मध्ये पर्किन्स यांनी सुचवलं, की त्या रानातल्या एका मुलाची गोष्ट लिहा. हे सगळं तुमच्याकडे आहेच.

बाईंनी ते लगेच ऐकलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरी कादंबरी होती, एका तरुण इंग्रजाची. ती त्यांनी पूर्ण केली आणि ती १९३५ साली आली. पण त्या स्वतःच तिच्यावर समाधानी नव्हत्या. मग त्या मुलाच्या गोष्टीकडे वळल्या. 'द इअरलिंग' १९३८ मध्ये आली आणि दुसऱ्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

इथे संपादकाने लेखन-मार्गदर्शकाचं काम केलं. लिहिलेल्या पानांवर खुणा करण्याऐवजी, न लिहिलेल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. स्वतःच्या पत्रांत काय ठेवा पडलाय, हे लिहिणारीला दिसत नव्हतं, वाचणाऱ्याला दिसत होतं. पण ज्योडीने वाढवलेलं पाडस मोठं होतं, मक्याचं कोवळं पीक खाऊन टाकतं आणि घर जगवायचं तर त्याला मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही, हे सगळं बाईंचं. रानात राहून आणि तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकून त्यांनी ते कमावलेलं होतं. दिशा एकाची, चाललेली वाट दुसरीची. आणि पर्किन्स घाई न करता वाट पाहत राहिले, हेही विसरू नका. आणखी एक योग पाहा : हे पुस्तक मराठीत आणणारे राम पटवर्धन स्वतः 'मौज' आणि 'सत्यकथे'चे संपादक. श्री. पु. भागवत आणि ते, हस्तलिखितावर लेखकाशी पत्रांतून तपशिलाने बोलणारी जी परंपरा मराठीत झाली, तिची ही दोन मोठी नावं.

आता तिसरं उदाहरण. इथे तुमची भीती खरी ठरते. थॉमस वूल्फ हा धो धो लिहिणारा लेखक. त्याचं पहिलं हस्तलिखित तीन लाख शब्दांच्या आसपास होतं. पर्किन्स यांच्या मदतीने कापून ते १९२९ साली प्रसिद्ध झालं. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी दोघं महिनोन् महिने रात्री एकत्र बसत. शेवटी १९३४ मध्ये वूल्फ शिकागोला गेला असताना पर्किन्स यांनी हस्तलिखित छापखान्यात पाठवून दिलं. वूल्फला अजून काम करायचं होतं. १९३५ साली पुस्तक आलं, लेखकाने ते कृतज्ञतेने पर्किन्स यांनाच अर्पण केलं. या सहकार्याची हकिकतही त्याने मोकळेपणाने लिहिली. ती वाचून एका समीक्षकाने झोड उठवली : संपादक आणि त्याची संस्था नसती तर या माणसाला कादंबरी रचताच आली नसती! वूल्फच्या ते जिव्हारी लागलं. १९३७ मध्ये तो दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला आणि पुढच्याच वर्षी वारला. मरणापूर्वी त्याने पर्किन्स यांना स्नेहाचं पत्र लिहिलं होतं.

पर्किन्स यांनी जे केलं ते प्रेमापोटी केलं. कदाचित ते केलं नसतं तर पुस्तक कधी आलंच नसतं. तरीसुद्धा 'झालं' म्हणण्याचा हक्क लेखकाचा असतो. तो दुसऱ्याने बजावला, की पुस्तक चांगलं होऊनही लेखकाच्या मनात काटा राहतो.

हे दुसऱ्याचं सांगून आम्हाला सुटता येणार नाही. आम्हीही हस्तलिखितं वाचतो, आणि आमच्या हातूनही हे झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांची कादंबरी आमच्याकडे आली. धरणात बुडालेल्या त्यांच्या गावावरची. पहिली चाळीस पानं म्हणजे नुसतं गाव : घरं, भांडी, बैलांची नावं, आजीने बियाण्याला राख लावून ठेवलेली मडकी. आम्हाला कंटाळा आला. आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितलं, सर, ही चाळीस पानं काढा आणि पाणी चढतं तिथून सुरू करा. सर भिडस्त. त्यांनी काढली.

तीन महिन्यांनी नवा खर्डा आला. गतिमान होता, आणि निर्जीव होता. पाणी चढलं, गाव बुडालं आणि आम्हाला काहीच वाटलं नाही. वाटणार कसं? त्या गावात आम्ही राहिलोच नव्हतो. आम्ही सरांना तसं सांगितलं, तेव्हा ते शांतपणे एवढंच म्हणाले, ''तुम्ही म्हणालात म्हणून काढलं.'' हे वाक्य आम्हाला अजून बोचतं.

मग आम्ही पुन्हा बसलो. या वेळी उपाय सांगितला नाही, फक्त आमचा अनुभव सांगितला : पहिल्या वाचनात बाराव्या पानाच्या आसपास आमचं लक्ष सुटलं, कारण हे सगळं का वाचायचं ते कळेना. सरांनी विचार केला, आणि चाळीसच्या चाळीस पानं परत आणली. पहिल्या पानावर फक्त एक गोष्ट नवीन घातली. मोजणीवाल्यांनी अंगणात रोवलेला पांढरा दगड, आणि त्या दगडावर बसून मिरच्यांची देठं खुडणारी आजी. बस्स. गाव बुडणार हे वाचकाला कळलं, आणि तेच प्रत्येक मडकं, तेच प्रत्येक बैलाचं नाव आता काळजीने वाचलं जाऊ लागलं. हा दगड आम्हाला सात जन्मांत सुचला नसता. आम्ही ते गाव पाहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. दुखतं कुठे, हे वाचकाला अचूक कळतं. औषध काय, हे मात्र त्याला क्वचितच कळतं. ते लेखकालाच सापडतं. चांगला संपादक पहिलं ठामपणे सांगतो आणि दुसऱ्याबद्दल फार तर सुचवतो. तुमची कादंबरी तुमची राहील का, याचं उत्तरही यातच आहे. औषध तुम्ही शोधलंत, तर राहील.

आता थोडं व्यवहाराचं. संपादक आणि मार्गदर्शक यांच्यातला फरक ओळखा. लिहिण्याची बैठकच जमत नसेल, तिसऱ्या प्रकरणापाशी गाडी रुतली असेल, तर मार्गदर्शक उपयोगी. खर्डा पूर्ण असेल तर संपादक. कामाचा क्रमही पाळा : आधी रचना, मग प्रकरणं, मग वाक्यं आणि सर्वांत शेवटी शुद्धलेखन. उलटं केलंत तर घासूनपुसून लखलखीत केलेलं प्रकरण काढून टाकायला हात धजणार नाही.

वाचायला देताना 'कशी वाटली?' असं विचारू नका. त्याला 'छान' हेच उत्तर मिळतं. विचारा : कुठे थांबलात? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? कोण डोळ्यांसमोर उभं राहिलं नाही? कुठे विश्वास बसला नाही? एकमेकांना न ओळखणारे दोन वाचक एकाच पानावर अडखळले, तर त्यांचे उपाय परस्परविरुद्ध असले तरी त्या पानात काहीतरी बिघडलेलं आहे. हे फुकट होणारं काम आहे. वाचनालयातला एखादा सजग वाचकही ते करू शकतो.

पैसे देऊन संपादन करून घेणार असाल, तर आधी एकच प्रकरण द्या आणि शेरे पाहा. नुसती स्तुती आली तर पैसे वाचवा. तुमची वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणारी माणसं सरळ करून प्रमाण भाषेत बोलायला लावली असतील, किंवा तुमची वाक्यं काढून संपादकाने स्वतःची घातली असतील, तर नमस्कार करून हस्तलिखित परत घ्या. पण शेरा वाचून राग आला, एवढ्यावरून तो चुकीचा ठरवू नका. चार दिवस जाऊ द्या. पाचव्या दिवशीही तो शेरा डोक्यातून जात नसेल, तर बहुधा तो बरोबर जागी लागलेला आहे.

त्या सरांची कादंबरी पुढे छापून आली. आमचं नाव ऋणनिर्देशात घालू का, असं त्यांनी विचारलं होतं. आम्ही म्हटलं, घाला, पण दगड तुमचा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्याही हस्तलिखितात असा एखादा दगड रोवायचा राहिला असेल. तो कुठे, हे विचारायला कुणाकडे तरी जा.