पाणबुडीच्या शोधातून तलावाच्या तळाकडे

देवरीहून समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा पाणबुडीवर लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु पाणबुडीच्या भीतीपोटी वाढलेली एक विद्या आपल्या तालुक्यातील सिरपूर धरणाच्याही कामी येण्यासारखी आहे, म्हणून हा प्रपंच.

पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही, रेडिओलहरीही लवकर विरतात. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने दूरवर जातो. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर, हिमनगाची चाहूल प्रतिध्वनीवरून आधीच घ्यावी, ही कल्पना इंग्लंडमध्ये रिचर्डसन यांनी मांडली. म्हणजे मूळ हेतू प्रवाशांच्या रक्षणाचाच होता. पण पहिले महायुद्ध पेटले. जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला आणि सरकारी तिजोऱ्या या संशोधनासाठी उघडल्या. फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी १९१७ मध्ये क्वार्ट्झ स्फटिकाला विजेने कंप देऊन पाण्यात तीव्र ध्वनी सोडला. पुढच्याच वर्षी पाणबुडीवर आदळून आलेला प्रतिध्वनी त्यांना मिळाला. हेच पुढे ‘सोनार’ म्हणून प्रसिद्धीस आले.

युद्ध संपले तरी ही विद्या वाया गेली नाही. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेऑर’ या जर्मन जहाजाने प्रतिध्वनीच्या साहाय्याने दक्षिण अटलांटिकचा तळ मोजला. आज कोकणातील अनेक यांत्रिक नौकांवर माशांचे थवे दाखविणारे यंत्र असते, तेही याच कुळातले. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि आज गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तर ‘माया’ नावाचे, माणसावाचून चालणारे पाणबुडीसारखे वाहन तयार केले. ते २०० मीटर खोलीपर्यंत जाऊन पाण्याचे तापमान, हरितद्रव्य इत्यादींची नोंद घेते.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. आपला भाग तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव असोत की इटियाडोह, सिरपूरसारखी धरणे असोत, पावसाबरोबर येणारा गाळ कोणालाच सोडत नाही. वरून पाणी भरलेले दिसते. खाली किती जागा उरली ते दिसत नाही. ढिवर बांधव बांबू टाकून खोली सांगतात, पण साऱ्या धरणाचा हिशेब बांबूने होत नाही. तेथे नावेवरून तळाकडे ध्वनी सोडतात. तो ०.०२ सेकंदात परतला, तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे खोली १५ मीटर. अशा हजारो नोंदींवरून तळाचा नकाशा होतो. तो जुन्या नकाशाशी ताडला की साठलेला गाळ कळतो.

गाळ वाढला की पाणीसाठा घटतो आणि शेवटच्या टोकाचे धान प्रथम वाळते. म्हणून मला वाटते, अशी मोजणी केवळ मोठ्या धरणांपुरती न राहता मामा तलावांपर्यंत पोहोचावी. शत्रूला बुडविण्यासाठी राष्ट्रांनी ज्या विद्येवर पैसा ओतला, ती शेतकऱ्याला तारण्यासाठी वापरायला त्यामानाने थोडाच खर्च लागेल. इच्छा मात्र हवी!