पेट्रोलमध्ये बुडालेली मोटर

पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ पडू देऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पेट्रोल पंपावर तशी पाटीही लावलेली असते. असे असताना, जगातील कोट्यवधी मोटारींच्या पेट्रोलच्या टाकीत विजेची एक मोटर बुडवून ठेवलेली असते, आणि ती चालू असताना तिच्या कार्बनच्या ब्रशांपाशी बारीक ठिणग्याही पडत असतात, असे कोणी सांगितले तर? ऐकणारा म्हणेल, हे अशक्य आहे. पण ते खरे आहे. एवढेच नव्हे, तर त्या मोटरीला टाकीत जो धोका नाही, तो तिला टाकीबाहेर काढताना उभा राहतो. हे कसे, ते एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणाने पाहू.

जपानच्या निस्सान कंपनीने १९८९ साली ‘स्कायलाइन जीटी-आर’ ही वेगवान मोटार बाजारात आणली. सहा सिलिंडर, सुमारे २.६ लिटरचे इंजिन, जास्तीची हवा कोंबणारे दोन टर्बोचार्जर आणि २८० अश्वशक्ती. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची १००० किलोमीटरची शर्यत तिने १९९१ व १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली आणि तिथल्या लोकांनी तिला ‘गॉडझिला’ हे नाव दिले. या पिढीच्या गाड्यांचे उत्पादन १९९४ साली थांबले. म्हणजे त्यांतील सर्वांत तरुण गाडीही आज तिशी ओलांडून गेली आहे. हौशी मालकांनी त्या जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे हमखास येणारे एक काम म्हणजे टाकीतला थकलेला पंप बदलणे.

पंप टाकीतच का?

जुन्या अँबॅसडर किंवा फियाट गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असे. टाकी मागे, पंप पुढे. पंपाने पेट्रोल ओढून घ्यायचे. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात अशी गाडी बंद पडली, की ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकीत आणि वाट पाहत बसत. नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असे, आणि पंपाच्या तोंडी द्रवाऐवजी बुडबुडे येत.

याचे कारण उत्कलनबिंदूत आहे. द्रवावरील दाब कमी केला, की तो कमी तापमानालाच उकळतो. पंप जेव्हा ओढतो, तेव्हा तो नळीतला दाब कमी करीत असतो. पेट्रोल मुळातच बाष्पशील, त्यात नळी तापलेली, आणि वरून दाबही कमी. मग उकळायला वेळ तो कितीसा? शिवाय ओढण्याला एक मर्यादाही आहे. द्रव खरे म्हणजे ओढला जात नाही. टाकीवरचा वातावरणाचा दाब त्याला ढकलतो, आणि तो दाब एका वातावरणापेक्षा अधिक असू शकत नाही.

ढकलण्याला मात्र अशी मर्यादा नाही. पंप टाकीच्या तळाशी ठेवला, तर पेट्रोल आपल्या वजनानेच त्याच्या तोंडात येते आणि पुढच्या सगळ्या नळीत दाब वाढलेलाच राहतो. जीटी-आरसारख्या गाडीत हा दाब वातावरणापेक्षा सुमारे तीन वातावरणे अधिक असतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तसेच या नळीत पेट्रोलही सहजी उकळत नाही.

हा प्रयोग तुम्ही पाण्यावर करून पाहू शकता. सुई नसलेली एक सिरिंज घ्या. तिच्यात थोडे गरम (कढत नव्हे) पाणी भरा, हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. शंभर अंशांच्या कितीतरी खाली असलेल्या पाण्यात बुडबुडे दिसतील. त्यांतले काही विरघळलेल्या हवेचे, तर काही वाफेचे असतील.

आग का लागत नाही?

आता ठिणगीचा प्रश्न. द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असली तरच. हवेत पेट्रोलची वाफ आकारमानाने शेकडा १.४ पेक्षा कमी असेल तर मिश्रण पेटत नाही, आणि शेकडा ७.६ पेक्षा अधिक असेल तरीही पेटत नाही, कारण मग ऑक्सिजन अपुरा पडतो. बंद टाकीत पेट्रोलच्या वरची जागा वाफेने इतकी भरलेली असते, की साधारण तापमानाला तिचे प्रमाण या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले असते. पंपाच्या आत तर हवा नसतेच. पेट्रोल आर्मेचरच्या सभोवतीने, ब्रशांना स्पर्श करीत वाहते. तेच मोटरीला थंड ठेवते आणि तेच तिच्या फिरत्या भागांना वंगण पुरवते. पेट्रोल विजेचे अतिमंद वाहक असल्याने त्यातून प्रवाहाची गळतीही होत नाही.

म्हणूनच टाकी सदैव तळाशी ठेवून गाडी चालवणे पंपाला मानवत नाही. पेट्रोल कमी असले, की वळणावर वा चढावर ते एका बाजूला सरकते, पंप क्षणभर हवा ओढतो, तापतो आणि झिजतो.

दुखणे ओळखणे

थकलेला पंप एकदम बंद पडतोच असे नाही. गाडी सहज सुरू होते, गावात नीट चालते, आणि मोठ्या वेगाला मात्र अडखळते. का, ते आकडेमोडीने पाहू. २८० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २०६ किलोवॉट. इंजिनाची कार्यक्षमता शेकडा २५ धरली, तर इंधनातून ८२४ किलोवॉट ऊर्जा मिळायला हवी. तासाचे झाले सुमारे २९७० मेगाज्यूल. एक किलोग्रॅम पेट्रोलपासून सुमारे ४४ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे तासाला ६७ किलोग्रॅम, अर्थात सुमारे ९० लिटर पेट्रोल हवे. गाडी नुसती उभी असताना हेच इंजिन तासाला एक-दोन लिटरवर भागवते. निम्मी ताकद गमावलेला पंप म्हणूनच गावात लक्षातही येत नाही.

शिवाय टर्बोचार्जर हवेचा दाब वाढवतात, तेव्हा त्या दाबाविरुद्ध फवारा मारण्यासाठी पेट्रोलचा दाबही तितकाच वाढवावा लागतो. दाब वाढला, की पंपातून मिळणारे पेट्रोल घटते. म्हणजे गरज सर्वांत मोठी, नेमका तेव्हाच पंप सर्वांत दुबळा. सिलिंडरमध्ये हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरे झाले, की मिश्रण वेळेआधी स्फोटासारखे पेटते आणि दट्ट्या वितळून भोक पडण्यापर्यंत मजल जाते. एका लहानशा पंपापायी सबंध इंजिन गमावण्याची वेळ येते ती अशी.

पण पंप बदलण्याआधी तीन गोष्टी मोजाव्यात: नळीतला दाब, ठरावीक वेळात मिळणारे पेट्रोल आणि पंप चालू असताना त्याच्या टोकांवरचे व्होल्ट. पुष्कळदा दोष पंपात नसून तीस वर्षांच्या तारेत असतो. समजा, गंजलेल्या जोडांमुळे तारेचा रोध ०.२ ओहम झाला आहे. जुना पंप ६ अँपिअर घेत असेल, तर ओहमच्या नियमाने १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मालकाने हौसेने १२ अँपिअर घेणारा मोठा पंप बसवला, तर २.४ व्होल्ट जातात. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १३.८ पैकी पंपापाशी उरतात ११.४. तारेतली उष्णता तर दुप्पट नव्हे, चौपट होते: ७.२ वॉटवरून २८.८ वॉट. म्हणून मोठ्या पंपाबरोबर बॅटरीपासून जाड तार व नवी रिले घालावी लागते.

बदलताना

या गाडीत पंपाचे झाकण डिकीच्या तळाशी आहे. आता मघाचे दोन आकडे आठवा. झाकण उघडले, की टाकीतली दाट वाफ बाहेर येते आणि हवेत विरळ होऊ लागते. शेकडा ७.६ च्या वरून शून्याकडे जाताना तिला त्या धोक्याच्या पट्ट्यातून जावेच लागते. ती हवेहून तीन-चार पट जड असल्याने डिकीच्या खोलगट भागात व जमिनीलगत साचते. टाकीत निरुपद्रवी असलेली ठिणगी इथे प्राणघातक ठरते.

जाणते मेकॅनिक म्हणून ठरावीक क्रम पाळतात. काम मोकळ्या हवेत. प्रथम इंजिन चालू असताना पंपाचा फ्यूज काढायचा. नळीतले पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबते आणि दाब उतरतो. मग बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे, आणि त्यानंतरच झाकण उघडायचे. जवळ लोंबता दिवा नको, अग्निशामक मात्र हवा. पंपाबरोबर त्याच्या तोंडाची जाळी आणि झाकणाचे रबरी कडेही नवे घालायचे. टाकीतली आखूड रबरी नळी बुडून राहण्यासाठीच बनवलेली हवी. साधी इंधन-नळी आतून पेट्रोलला टिकते, बाहेरून टिकत नाही. ती फुगून फाटली, की दाब टाकीतच गळतो आणि दोष मात्र नव्या पंपावर येतो. आणि नवा पंप ‘चालतो का पाहू’ म्हणून टेबलावर कोरडा फिरवायचा नाही. तिथे त्याला ना वंगण, ना थंडावा, आणि ठिणगीभोवती हवाच हवा.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुम्ही करायचे नाही, ते जाणत्या हातांचेच आहे. पण ऐकायला हरकत नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज-६’ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या स्कूटर-मोटारसायकलींच्या टाकीतही असाच पंप आला. घरातल्या अशा गाडीची किल्ली फिरवली, की इंजिन सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंद एक बारीक गुणगुण ऐकू येते. ती या बुडालेल्या मोटरीची. नळीत दाब भरला, की ती थांबते.