यात्रेच्या वर्गणीतली कला

कलेतला धर्म शोधायचा म्हटलं की आपली मराठी चर्चा विषयापाशीच थांबते. अरुण कोलटकरांचं १९७६ सालचं 'जेजुरी', उमेश कुलकर्णींचा २०११चा 'देऊळ', मकरंद माने यांचा 'रिंगण', संदेश भंडारे यांनी कॅमेऱ्यात धरलेली वारी, अशी नावं निघतात. कामं मोलाचीच आहेत. गावात दत्त प्रकटल्याची हूल उठली की पुढारी, दुकानदार आणि भाबडी माणसं यांचं काय होतं, हे 'देऊळ'ने फार नेमकं दाखवलं. पण या साऱ्यांत देव हा कलेचा विषय आहे. कल्याण-नगर महामार्गावर आळेफाटा आणि बेल्हे यांच्यामधल्या राजुरीत, एकूणच जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात, देव कलेचा यजमान आहे. त्याच्या नावाने वर्गणी निघते, त्याच्या तिथीवर कार्यक्रम ठरतो आणि त्यावर कलावंतांच्या चुली पेटतात.

हे पाहायचं तर पाडव्याच्या आगेमागे नारायणगावात जावं. तमाशा फडांच्या राहुट्या ओळीने लागलेल्या असतात. फडमालकाच्या फोटोचा मोठा बोर्ड, आत टेबल-खुर्च्या, मॅनेजरपुढे उघडी वही. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची मंडळी दोन-चार राहुट्या फिरून अंदाज घेतात, चहा होतो, सुपारी ठरते, विसार दिला जातो. बोलणं सुरू होतं ते तिथीवरून. चैत्रातली अष्टमी किंवा पौर्णिमा असेल तर अनेक गावांच्या यात्रा एकाच रात्री येतात आणि भाव चढतो. पंचांगावर कलेचा बाजार चालतो, आणि यात मला काही कमीपणा वाटत नाही. २०२० आणि २०२१मध्ये यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा फड जागेवर बसले आणि कलावंत मोलमजुरीला गेले. यजमान घरात बसला की पाहुण्याचं काय होतं, ते त्या दोन वर्षांत दिसलं.

तमाशाची मांडणीही या नात्यातून आलेली आहे. आधी गण, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशीची गवळण, बतावणी, शेवटी वग. शृंगारिक म्हणून ज्याला नाकं मुरडली गेली, त्या खेळाची सुरुवात गणपतीला हात जोडून होते. विठाबाई नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या. विठ्ठलाचंच नाव घेऊन त्या आयुष्यभर बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ आणि १९९० असं दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा वाट्याला हलाखीच होती. त्यांच्या नावाचा राज्य शासनाचा पुरस्कार त्यानंतरचा. ज्या जातींनी हा गण पिढ्यान्‌पिढ्या गायला, त्यांच्या पूर्वजांना त्याच गावांत देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती. इथल्या भक्तिकलेचं कौतुक करताना हे सोडून पुढे जाता येणार नाही. सत्यशोधक जलशांनी गणातला गणपती लोकांच्या बाजूने वळवला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी वंदन ठेवलं, पण ज्याला वंदन करायचं तोच बदलला. लोककला परंपरेला कसा जाब विचारते, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

ओतूरला श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. ना साचा, ना डिंक. दाणा दाण्यावर बसवत, तोल सांभाळत एकावर एक पिंड उभी राहते आणि सोमवारागणिक त्यांची संख्या वाढत जाते. बाहेर रांग, शेजारी कुस्त्यांचा आखाडा. शहरातल्या कलादालनात असं क्षणभंगुर काम कोणी मांडलं तर त्यावर परिसंवाद होतील. इथे रचणाऱ्याचं नाव विचारायचंही कोणाच्या मनात येत नाही.

सप्ताहाचं तसं नाही. तिथे नावाला आता फार वजन आलं आहे. पहाटेचा काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि सात दिवस खाली न ठेवायची वीणा ही चौकट कायम आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकलेले कीर्तनकार गावोगाव गेले. पण फ्लेक्सवर बिरुदांची रांग लागते आणि मंडपात कॅमेरा आधी उभा राहतो. यूट्यूबमुळे परगावी नोकरीला गेलेला माणूस गावचं काल्याचं कीर्तन ऐकू शकतो, ही मोठी सोय झाली. मात्र मोबाइलवर फिरतो तो टोमणा, सुनेवरचा किंवा पोरांवरचा विनोद. ज्या अभंगाच्या निरूपणासाठी सगळा घाट घातलेला असतो, तो त्या तुकड्यात नसतोच. कीर्तन न पाहिलेल्यांनी त्यावरून कीर्तनाचं माप काढू नये. टाळकऱ्यांनी चाल उचलली आणि मृदंग भरला की मंडपात जे होतं, ते त्या तुकड्यात येत नाही.

यात्रेतल्या बैलगाड्याला तर न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१४मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. हा संस्कृतीचा भाग आहे का, हे ठरवणं न्यायालयाने विधिमंडळावर सोडलं. माझं मत विचाराल, तर घाटात नवसाचा गाडा पळतो तोवर त्याला संस्कृती म्हणावं. बक्षिसाच्या गाडीसाठी जनावराला टोचणी लावणं ही संस्कृती नव्हे. याच मुलखात, राजुरीजवळच्या आळ्यात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले असं मानतात त्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिथे माथा टेकवतात.

तमाशाकडे पुन्हा यायचं कारण, सर्वांत जास्त काटछाट त्याच्याच वाट्याला आली आहे. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा लागू झाल्यापासून पहाटेपर्यंत रंगणारा वग आखडला. गण-गवळण उरकून पब्लिकला चित्रपटातली गाणी हवी असतात आणि यात्रा कमिटीही तीच मागते. कीर्तनकारांना गावात पाटावर पंगत असते, त्याच वर्गणीतून आलेल्या फडातल्या बायका मात्र ट्रकच्या आडोशाला कपडे बदलतात. राहुटीत विसार देतानाच कमिट्यांनी पाणी, बंदिस्त आडोसा, जेवण आणि निदान एक अख्खा वग या गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. वेळेची परवानगीही आधीच काढून ठेवावी.