लालबागची धूळ, उंदराचं फुप्फुस

मुंबईत लालबागच्या कापड गिरण्यांच्या कार्डिंग खात्यात कापूस पिंजला जाई. तिथल्या कामगाराची छाती साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी दाटायची. या आजाराचं नाव बिसिनोसिस. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये त्याचा अभ्यास केला. धाप दम्यासारखीच, पण तिच्या मुळाशी नेहमीची ॲलर्जी नाही. प्रयोगशाळेतला दम्याचा उंदीर मात्र बहुधा ॲलर्जीचाच असतो. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन ॲल्युमिनियमच्या क्षारासोबत त्याच्या पोटात टोचतात, काही दिवसांनी तेच हुंगायला देतात. मग फुप्फुसात इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ यांची जनुकं जोरात चालू लागतात, इओसिनोफिल पेशी जमतात. माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर त्या प्रथिनाला मिळालेलं आहे. लालबागच्या धुळीला तेच मिळेल असं गृहीत धरू नये.

कापसाच्या धुळीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन असतं. ते पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला गाठतं आणि न्यूट्रोफिल पेशींना बोलावणारी जनुकं चालू होतात. सी३एच-एचईजे जातीचे उंदीर एंडोटॉक्सिनला दाद देत नाहीत. त्यांचं टीएलआर-४चं जनुकच बिघडलेलं आहे, हे १९९८ साली कळलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप खराच. न्यूट्रोफिलना हाक देणारं माणसाचं इंटरल्युकिन-८ उंदरात नाहीच. पण एक जनुक बाद करून काय थांबतं ते पाहणं माणसावर शक्य नाही, म्हणून उंदीर लागतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. फुप्फुसाचा तुकडा काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात, नाहीतर जनुकांचा संदेश, म्हणजे आरएनए, विरून जातं. त्याचं डीएनए करून पीसीआरमध्ये चक्रागणिक दुप्पट करतात. धूळ न हुंगलेल्या उंदरापेक्षा खूण तीन चक्रं आधी दिसली, तर मूळ संदेश सुमारे आठपट. पण हा आठपट आकडा जुन्याच पेशींचा की बाहेरून आलेल्या गर्दीचा, हे तुकडा सांगत नाही. त्यासाठी पेशी वेगळ्या करून मोजाव्या लागतात, आणि तो खर्च टाळू नये. लालबागच्या मसाला कुटायच्या डंकावर उडणाऱ्या मिरचीच्या पुडीला तर तेही पुरत नाही. कॅप्सेसिन श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना चेतवतं; त्यांच्या पेशींची केंद्रकं मानेकडच्या व्हेगस गुच्छिकेत असतात, तेव्हा त्यांच्या जनुकांचे संदेशही तिथेच शोधायला हवेत.