लाकडी अंगठ्याची परीक्षा

कैरोच्या वस्तुसंग्रहालयात उजव्या पायाचा एक अंगठा आहे. लाकडी, गडद तपकिरी, सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचा, वर नीट कोरलेले नख. त्याला जोडून दोन लहान लाकडी पट्ट्या; त्या चामड्याच्या वाद्यांनी बांधलेल्या, आणि सगळे पावलाभोवती आवळायला एक पट्टा. वय जवळजवळ तीन हजार वर्षे. मालकीण ताबकेतेन्मुत, एका पुरोहिताची मुलगी, मरताना पन्नास ते साठ वर्षांची. नाईलच्या पश्चिम काठावर, लक्सॉरच्या समोर, शेख अब्द अल्-कुर्ना नावाच्या टेकडीत खडक फोडून खणलेल्या थडग्यांची रांग आहे. ही थडगी मुळात इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातल्या दरबारी बड्या लोकांची. पुढे त्यांचा वापर थांबला आणि काही शतकांनी त्यांच्याच तळाशी नव्या विहिरी खणून लोकांनी आपली माणसे पुरली. त्यांतल्या एका दफनात, चोरांनी धुंडाळून झालेल्या, हा अंगठा ममीच्या पायाला लागलेला मिळाला.

वस्तू सुंदर आहे यावर कुणाचेच दुमत नाही. वाद आहे तो ती कशासाठी केली यावर.

हा वाद समजायला इजिप्तचा मृत्यूविषयीचा आग्रह लक्षात घ्यावा लागतो. परलोकात जाणारा देह पूर्ण हवा. हात तुटला असेल, पाय नसेल, तर ममी बांधणारे कारागीर तो भाग जमेल तसा तयार करून आत बसवत. १९७५ मध्ये मँचेस्टरमध्ये रोझली डेव्हिड यांच्या चमूने १७७० क्रमांकाची ममी उलगडली. आत साधारण चौदा वर्षांची मुलगी, आणि तिच्या नसलेल्या पावलांच्या जागी बोरू आणि चिखल यांची बनवलेली पावले. त्या पावलांनी कुणी एक पाऊलही टाकले नसणार, आणि टाकावे अशी अपेक्षाही नव्हती. ती प्रेतासाठी होती. मग ताबकेतेन्मुतचा अंगठाही तसाच कशावरून नसेल?

२००० साली म्युनिकच्या आंद्रेआस नेर्लिख आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या प्रश्नाचे पहिले उत्तर दिले, आणि ते वैद्याचे उत्तर होते. अंगठा जिथून गेला, तिथे मऊ ऊती आणि त्वचा सलग आलेल्या होत्या. जखम भरली होती, म्हणजे ही बाई अंगठ्याशिवाय बराच काळ जगली होती. शिवाय लाकडावर झिजेच्या खुणा. दोन्ही पुरावे वजनदार आहेत, पण पुरे नाहीत. भरलेली जखम एवढेच सांगते की अंगठा मरणाआधी गेला. खोटा अंगठा मरणाआधी आला का, हे ती सांगत नाही. आणि झीज कशाने झाली, चालण्याने की फक्त चपलेत घालून बसण्याने, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या अंगठ्याचा एक चुलतभाऊ आहे. तोही उजव्या पायाचाच, इसवी सनापूर्वी ६०० च्या आधीचा. तागाचे कापड, सरस आणि गिलावा यांचे थर देऊन घडवलेला. इजिप्तमध्ये शवपेट्या आणि मुखवटे याच सामग्रीचे होत. ग्रेव्हिल चेस्टर नावाच्या पाद्र्याने तो जमवला आणि १८८१ मध्ये तो संग्रहालयात आला. त्याच्या नखाच्या जागी खळगा आहे; तिथे वेगळ्या पदार्थाचे नख बसवलेले असावे, ते आता नाही. हा अंगठा एकसंध, कुठेही वाकत नाही. पण झिजलेला आहे, चांगलाच.

मँचेस्टर विद्यापीठाच्या जॅकी फिंच यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत सरळ प्रश्न आहे: चालून बघू या का? मूळ वस्तूंना हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून दोन्ही अंगठ्यांच्या प्रतिकृती केल्या. इजिप्शियन पद्धतीच्या वहाणांच्याही केल्या, कारण अंगठा अनवाणी पायावर एक वागतो आणि वहाणेत दुसरे. मग उजवा अंगठा गमावलेली दोन माणसे स्वयंसेवक म्हणून मिळाली. सॅल्फर्ड विद्यापीठाच्या चालप्रयोगशाळेत दहा मीटरची वाट, पायाखाली दाब मोजणारी चटई, बाजूला कॅमेरे. दोघे अनवाणी चालले, बुटात चालले, आणि कृत्रिम अंगठे लावून, वहाणांसह आणि वहाणांविना चालले.

इथे अभियांत्रिकीचे काम काय, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. पावलाच्या तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पाऊल उचलताना टाच वर येते, अंगठा मागे वळतो आणि हा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या डोक्यावरून गुंडाळला जातो; दोर ताणला की तळव्याची कमान उंचावते आणि पाऊल एकसंध तरफ होते. रहाटावर दोर ओढावा तशी ही रचना आहे असे बर्मिंगहॅमच्या हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडले आणि नावही तेच दिले. म्हणजे अंगठा फक्त टेकण्यासाठी नसतो. पुढे ढकलण्याचा शेवटचा जोर त्यातूनच जातो. तो गेला की तो भार बाजूच्या हाडांवर पडतो. मधुमेहात अंगठा काढावा लागलेल्या रुग्णाच्या उरलेल्या पावलावर नवे व्रण का उठतात, हे विचारायला कुणालाही इजिप्तला जावे लागत नाही.

फिंच यांनी नेमके हेच दोन आकडे पाहिले: अंगठा किती वळतो आणि तळव्यावर दाब कुठे वाढतो. दोघांपैकी एकजण दोन्ही प्रतिकृती लावून फार चांगला चालला. दोन्ही अंगठ्यांखाली त्रासदायक वाढीव दाबाची जागा दिसली नाही. उलट, कृत्रिम अंगठा न लावता नुसती इजिप्शियन वहाण घातली की पावलाखालचा दाब एकदम चढला. शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. त्या वहाणेची दोरी अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधून जाते. अंगठाच नसेल तर वहाण पायात टिकणार कशी? ज्याने कोल्हापुरी घालून चढ चढला आहे, त्याला हे सांगायची गरज नाही.

कैरोचा लाकडी अंगठा आरामशीर ठरला. सांधा असल्याने तो पावलाबरोबर वळतो. लंडनचा कापडी अंगठा चालला, पण तितका सुखाचा नव्हता. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फिंच यांनी लिहिले, पुढे २०१२ मध्ये कृत्रिम अवयवांच्या एका अमेरिकी नियतकालिकात सविस्तर निबंध आला. त्याच्या चार लेखकांत रोझली डेव्हिड यांच्या शेजारी जय कुलकर्णी हे नाव आहे, आणि मराठी वाचकाची नजर तिथे क्षणभर थबकेलच. एका बाजूला इजिप्तविद्या, एका बाजूला पायांची यांत्रिकी, आणि एका बाजूला पाय गमावलेल्यांचे पुनर्वसन, अशी ही चौकडी.

यात दोनच माणसे होती हे विसरू नये. दोन माणसांच्या चालीवरून सगळ्या इजिप्तचा निकाल लावता येत नाही. फिंच यांचा दावाही बेताचा आहे: दोन्ही वस्तू खऱ्या अंगठ्याच्या जागी काम करू शकत होत्या. त्यांनी ते केलेच, असे प्रयोग सांगत नाही. झीज सांगते, जखम सांगते, प्रयोग शक्यता दाखवतो. तिन्ही एकत्र ठेवल्यावर मात्र उलट बाजू मांडणाऱ्याला बरेच काही समजावून सांगावे लागते.

बाझेल विद्यापीठाच्या इजिप्ततज्ज्ञांनी, झ्युरिकच्या वैद्यकतज्ज्ञांना आणि कैरोच्या संग्रहालयाला सोबत घेऊन, कैरोचा अंगठा पुन्हा तपासला. सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण, सीटी स्कॅन. २०१७ मध्ये त्यांनी सांगितले की हा अंगठा मालकिणीच्या पायावर एकदाच नव्हे, अनेकदा नव्याने बेतून बसवला गेला होता. वर्षे गेली, पाऊल बदलले, कारागीर परत आला. हे वाचल्यावर ममी बांधणाऱ्यांचा संशय माझ्या मनातून गेला. प्रेताच्या पायाचे माप बदलत नाही. त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट मांडली आणि ती मोजण्यात येत नाही: इतकी मेहनत घेणाऱ्या बाईला पाय पायासारखा दिसावा, असेही वाटत असणार, आणि तिला तसे करून देणारे उत्तम कारागीर मिळत होते. कोरलेल्या नखाचा चालण्याला काडीचा उपयोग नाही. वहाणेतून बाहेर दिसणाऱ्या पायाला आहे. सांधा का केला हे अभियंता सांगेल; नख का केले हे त्या काळचे चित्र, शिल्प आणि वेष वाचणारा माणूस सांगेल.

कृत्रिम अवयव माणसाच्या राहणीशी जुळला नाही तर तो कोपऱ्यात पडून राहतो, हे आपल्याकडे जयपूर पायाने दाखवले. १९६८ मध्ये सवाई मानसिंग रुग्णालयाचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि अस्सल हातचा कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय केला, तो उकिडवे बसता यावे, अनवाणी शेतात जाता यावे म्हणून. तिथेही अस्थितज्ज्ञ एकटा पुरला नाही.

‘सर्वांत जुना कृत्रिम अवयव’ या पदवीवरून एरवी बरीच चढाओढ चालते. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला धातूची जंघा दिल्याचा उल्लेख आहे आणि आपल्याकडे तो मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. पण विश्पला स्त्री की शर्यतीची घोडी, यावरच विद्वानांत मतभेद आहेत, आणि सूक्तातली जंघा कुणी दाबपट्टीवर चालवून बघू शकत नाही. हेरोडोटसने एलिसच्या हेगेसिस्ट्राटसची गोष्ट लिहिली आहे: स्पार्टाच्या कैदेतून सुटायला त्याने स्वतःचे पाऊल कापले आणि पुढे लाकडी पाऊल लावले. तीही शब्दांतली. इटलीत कापुआच्या थडग्यात मिळालेला इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा पाय मात्र खरोखर हातात धरता येई, लाकडाच्या गाभ्यावर ब्राँझचा पत्रा. १९४१ मध्ये लंडनवर बाँब पडले त्यात तो नष्ट झाला. उरली फक्त प्रतिकृती.

राहता राहिला लंडनचा अंगठा. प्रयोगशाळेने त्याला चांगले गुण दिले, पण त्याची माणूस म्हणून चौकशी करायला गेले की वाट खुंटते. चेस्टरच्या काळात वस्तू बाजारात विकत घेतल्या जात. कुठल्या थडग्यात, कुठल्या पायाला, कुणाच्या शेजारी, ही नोंद कुणी ठेवत नसे. ताबकेतेन्मुतविषयी आपल्याला तिचे नाव, तिचे वय, वडिलांचा हुद्दा आणि भरलेली जखम माहीत आहे, कारण तिचा अंगठा पायासकट सापडला. चेस्टरच्या अंगठ्याला पायच नाही. कुणाची जखम भरली होती, हा प्रश्न विचारायला तिथे त्वचाच उरली नाही, आणि सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी ती नोंद तो भरून काढणार नाही.