लावणीत सगळ्यात थोर गायिका कोण? एका जुन्या भांडणाची तपासणी

(हातकणंगले येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेत विषय मोठा गंभीर छापलाय, ‘लावणीगायिका : एक तुलनात्मक आढावा’. पण विषय भांडणाचा आहे. सगळ्यात थोर लावणीगायिका कोण? हे भांडण आपल्याकडं सलूनमध्ये होतं, एसटीत होतं, लग्नाच्या मांडवात जेवणं आटोपल्यावर होतं. तेव्हा आधी मतदान घेऊ. तीनच नावं घेते, हात वर करा. विठाबाई नारायणगावकर? बरं. सुलोचना चव्हाण? अगं बाई. आणि यमुनाबाई वाईकर? एक, दोन, तीन... चार.

आता मागं वळून बघा. विठाबाईंना बहुतेक हात या बाजूनं आले, पुरुषांच्या. सुलोचनाबाईंना त्या बाजूनं, बायकांच्या. (हशा.) मी ठरवून घडवलेलं नाही हे. जिथं जिथं हा प्रयोग केला तिथं थोड्याफार फरकानं असंच होतं. आणि माझं म्हणणं असं, की हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. तुम्हाला कुठं बसायला मिळालं, त्याचा प्रश्न आहे.

जत्रेत तमाशाचा फड आला, की गावातले पुरुष जायचे. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली बाई जायची नाही. माझ्या पिढीतल्या बायकांना तमाशा माहीत होता तो लांबून, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या येणाऱ्या ढोलकीच्या आवाजाएवढा. मग आम्ही लावणी ऐकली कुठं? रेडिओवर. गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावर. लग्नात. आणि सिनेमात. म्हणजे आमच्या घरात जी लावणी शिरली ती तबकडीवरून शिरली, आणि त्या तबकडीवरचा आवाज बहुतेक वेळा सुलोचनाबाईंचा होता. म्हणून हे हात असे वाटले गेले.

तेव्हा आधी हे नीट समजून घेऊ, की या तिघी एकच काम करत नव्हत्या. ‘लावणी’ हा शब्द एक, कामं तीन.

पहिलं काम फडाचं. ढोलकीचा फड म्हणजे गण, गवळण, बतावणी, मग रंगबाजी, शेवटी वग. हजारोंचा समुदाय, उघडं मैदान, आणि बराच काळ माईकसुद्धा नाही. बाई नाचते आणि गाते, दोन्ही. पायात चाळ, ते वजन वेगळं. (हुपरीची मंडळी बसलीत, त्यांना पैंजण आणि चाळ यातला फरक मी सांगायला नको.) अशा ठिकाणी आवाज खडा लागतो, वरच्या पट्टीतला, पुढं फेकलेला. कुजबुजून चालत नाही. ओळीचा शेवट मागचे झीलकरी उचलतात, सूर लांबवतात, आणि तेवढ्यात बाई श्वास घेते, गिरकी घेते, पुढच्या ओळीला तयार होते. ही यंत्रणा समजली की फडावरच्या गाण्याला ‘ओरडणं’ म्हणायची चूक होत नाही. तो आवाज मैदानासाठी बांधलेला असतो.

विठाबाई ह्या कामातल्या. जन्म पंढरपूरचा, १९३५ चा. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड घरचाच, भाऊ हे वडील आणि बापू चुलते. १९५७ साली राष्ट्रपतींच्या हातून गौरव, पुन्हा १९९० साली. २००२ मध्ये गेल्या, त्या पैशाअडक्याच्या तंगीतच. त्यांच्या नावानं आता राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. आणि त्यांची ती गोष्ट तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे: दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या.

मला त्या गोष्टीचा जरा राग आहे. गोष्ट खोटी म्हणून नव्हे. ती सांगून झाली की सांगणारा थांबतो म्हणून. विठाबाई गायच्या कशा, हे कोण सांगत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांबद्दल असं होतं का? ते आपल्याच तालुक्यातल्या चंदूरचे. १८४९ चा जन्म. ग्वाल्हेरची गायकी शिकायला केवढे हाल काढले त्यांनी, तेही आपण सांगतो. पण तिथं थांबत नाही. गायकी कोणती, गुरू कोण, शिष्य कोण, विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य, हे सगळं शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल. लावणीवाल्या बाईची विद्या आईकडून, मावशीकडून आली, आणि त्या आई-मावश्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ख्यालाला घराणं म्हणतात. इथं नुसतं ‘त्यांच्यात असतंच ते’ म्हणून सोडून देतात. ‘त्यांच्यात’ म्हणजे कुठल्या जातीत, ते तुम्हाला कळतं.

दुसरं काम तबकडीचं आणि सिनेमाचं. ह्याला एक पार्श्वभूमी आहे. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. पुढं ती उठली, पण संहिता तपासून घ्यायची अट आली. आणि त्याच काळात मराठी सिनेमानं लावणी उचलली. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. दिग्दर्शक अनंत माने, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं, पडद्यावर जयश्री गडकर. त्यातली बुगडीची लावणी आशा भोसल्यांची. जी लावणी मैदानात ऐकणं बाईला शोभत नव्हतं, ती तिकीट काढून सहकुटुंब बघता आली.

सुलोचनाबाई ह्या कामातल्या. १९३३ साली मुंबईत जन्मल्या, माहेरच्या कदम. लहानपणापासून गायच्या, हिंदी सिनेमात गायल्या, १९५१ च्या ‘ढोलक’मधली त्यांची गाणी हिंदीवाले अजून ऐकतात. अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मग १९६२ चा ‘रंगल्या रात्री अशा’. कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची ती लावणी, सिनेमासाठी जगदीश खेबूडकरांनी लिहिलेलं पहिलं गाणं. ती आपल्या जिल्ह्याचं जणू राष्ट्रगीतच झाली. (हशा.)

आता त्यांचं काम काय होतं बघा. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावतात. तेवढ्यात तोंड, दोन-तीन कडवी, मध्ये वाद्यांचे तुकडे. परत परत म्हणायला जागा नाही. शब्द पहिल्याच फटक्यात पोचायला हवा. सुलोचनाबाईंचे शब्द ऐका, एकेक अक्षर टणक. आणि शब्दाच्या अलीकडं त्या एक केसभर थांबतात, ढोलकीचा बोल पुढं जाऊ देतात, मग शब्द टाकतात. लोक ज्याला ठसका म्हणतात तो ठसका बराचसा या थांबण्यात आहे. दुसरी गोष्ट, पडद्यावर नाचणारी दुसरीच असायची, यांना फक्त आवाजानं डोळा मारायचा होता. आणि ह्या बाई कार्यक्रमात कशा उभ्या राहायच्या? डोक्यावर पदर घेऊन, जागेवर स्थिर. मला वाटतं आमच्या आयांना ती लावणी मोकळेपणानं गुणगुणता आली ती त्या पदरामुळं. आवाजात सगळा खट्याळपणा, आणि अंगावर आमच्यासारखंच लुगडं.

उषा मंगेशकरांचं नाव घेतलं नाही तर पिंजरावाले मला घरी जाऊ द्यायचे नाहीत. १९७२, व्ही. शांताराम, संगीत राम कदमांचं. गाणी उत्तमच. पण तो एका सिनेमाचा विजय आहे, मी इथंच सोडते.

तिसरं काम बैठकीचं. हे सगळ्यात कमी लोकांनी पाहिलंय, म्हणून चार हात. इथं बाई बसून गाते. ढोलकीचा दणका नाही. तबला, पेटी, समोर मोजकी माणसं, तीही जाणकार किंवा निदान तसं समजणारी. चाल पिलू, काफी, भैरवी अशा रागांच्या अंगानं जाते, ठुमरीची बहीण म्हणा हवं तर. आणि मुख्य काम असतं अदेचं. एक ओळ घ्यायची आणि ती पुनःपुन्हा म्हणायची, दरवेळी अर्थ वेगळा.

लावणीची ओळ मी इथं म्हणत नाही, साधं बोलणं घेते: ‘येतो म्हणाला होता.’ एकदा म्हणा, तक्रार आहे. पुन्हा म्हणा, ‘म्हणाला’वर जोर द्या, आता ती स्वतःचीच समजूत घालतेय. पुन्हा, ‘होता’ ओढा, आता तिला कळलंय की तो येत नाही. पुन्हा, हसून, आता शेजारणीपुढं लाज झाकतेय. चार वेळा तेच शब्द. बैठकीची गायिका ह्या चारांवर थांबत नाही. दर खेपेला सूर थोडा वेगळ्या वाटेनं जातो, डोळा, भुवई, हाताचं एक बोट एवढंच हलतं.

यमुनाबाई वाईकर ह्या कामातल्या. १९१५ चा जन्म, कोल्हाटी समाजातल्या, वाईच्या. लहानपण हलाखीचं, रस्त्यावरच्या खेळांचं. पुढं बैठकीच्या लावणीत त्यांनी असं काही केलं की १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, २०१२ साली पद्मश्री. २०१८ मध्ये शंभरी ओलांडून गेल्या. सत्यभामाबाई पंढरपूरकर, गुलाबबाई संगमनेरकर ह्याही ह्याच वाटेवरच्या मोठ्या बाया.

आता एक आडवळण घेते, फार लांब नेत नाही. अमेरिकेत ‘कंट्री’ म्हणून एक गाणं आहे, खेड्यापाड्यातल्या, खाणकामगारांच्या, शेतकऱ्यांच्या जगण्यातून आलेलं. तिथंही हेच भांडण चालतं: पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन की डॉली पार्टन? लोरेटा लिन केंटकीतल्या कोळशाच्या खाणीतल्या मजुराची मुलगी, जन्म १९३२ चा, मृत्यू ऑक्टोबर २०२२. आमच्या सुलोचनाबाई १९३३, आणि गेल्या डिसेंबर २०२२ मध्ये. दोघींनी जवळजवळ एकच काळ पाहिला. पण फरक बघा. लोरेटा लिन आणि डॉली पार्टन स्वतःची गाणी स्वतः लिहायच्या. लोरेटाबाईंचं १९७५ चं संततिनियमनाच्या गोळीवरचं गाणं कित्येक रेडिओ केंद्रांनी वाजवायचं नाकारलं होतं. तिथं भांडणारा म्हणू शकतो, जिनं लिहिलं ती थोर. आपल्याकडं राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव, गदिमा, खेबूडकर, बाईच्या तोंडची ओळ लिहिणारे बहुतेक पुरुष. पुरुषाला बाईनं जसं बोलावंसं वाटतं तसं ती लावणीत बोलते. मग बाईच्या हातात काय उरतं? ती ओळ कशी म्हणायची, एवढंच.

म्हणून माझी कसोटी ही. पुरुषानं लिहून दिलेली ओळ गाता गाता जी स्वतःची करून टाकते, प्रसंगी त्याच्यावरच उलटवते, ती थोर. तीन मिनिटांच्या तबकडीत त्याला जागा थोडी. फडावर जागा आहे, पण तिथं मैदान जिंकायचं असतं. बैठकीत मात्र पूर्ण जागा आहे आणि लपायला आडोसा कसलाच नाही. त्यामुळं माझं मत यमुनाबाईंना. पाचवा हात माझा.

पुरुष मंडळी नाराज दिसतात. बायकाही. (हशा.)

प्रश्न (श्रोत्यांतल्या एक आजी) : बाई, तुम्ही सांगितलंसा ते पटलं. पण आम्ही यमुनाबाई ऐकलीच न्हाई की वो. न ऐकता मत कसं देऊ?

आजी, बरोबर बोललात, आणि हा माझ्या कसोटीला लागलेला मोठा फटका आहे. सुलोचनाबाई हजारो घरांत गेल्या, यमुनाबाई गेल्या नाहीत, आणि ज्या मैफली मोडल्या त्या मोडल्याच. सुलोचनाबाईंना हात वर करणाऱ्यांची चूक नाही काही. ज्या गाण्यानं तुम्हाला दळताकांडताना सोबत केली, त्याला तुम्ही मत देणारच. पण यमुनाबाईंचं थोडंफार चित्रण आणि ध्वनिमुद्रण झालेलं आहे, अगदीच काही नाही असं नाही. म्हणून आज दोन्ही आणलंय.

आधी १९६२ ची तबकडी लावू. ढोलकीच्या बोलानंतर शब्द किती उशिरानं पडतो तेवढं फक्त ऐका. मग यमुनाबाई. तिथं ढोलकी शोधू नका. पहिली ओळ त्या किती वेळा म्हणतात ते बोटावर मोजा, आणि कितव्या वेळेला तुम्हाला ती वेगळी वाटली ते लक्षात ठेवा. नंतर पुन्हा हात वर करायला सांगणार आहे. मागच्या खिडक्या जरा लावून घ्या, रेल्वेची वेळ झालीय.

(यानंतर दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकवण्यात आली. दुसऱ्या मतदानात यमुनाबाईंना एकोणीस हात वर झाले. प्रश्न विचारणाऱ्या आजींनी हात सुलोचनाबाईंनाच वर केला.)